दारात चारजणी ढकलतात तेव्हा बाकीच्यांचं काय होतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकातल्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं की गर्दीतली माणसं एकसारखी नसतात, कुणी घाईत असतो, कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाच्या कडेवर पोर असतं, कुणी मोबाईलमध्ये मान घालून चाललेला असतो आणि गर्दी सरकणार की अडकणार हे बरंचसं या फरकांवर ठरतं. त्यावर भरपूर पत्रं आली, काही रागावलेलीही आहेत, त्यातली निवडक इथे घेतलीयत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न (डोंबिवली): ताई, मी रोज सकाळी सीएसएमटी फास्ट पकडते. लेडीज डब्याच्या दरवाज्यात चार-पाच जणी अशा असतात की गाडी नीट थांबायच्या आतच घुसतात, कोपरं मारतात. माझी मैत्रीण म्हणते त्यांच्यामुळेच आपण सगळ्या चढतो नाहीतर गाडी निघून जाईल. मला वाटतं सगळ्या शांतपणे चढल्या तर जास्त जणी चढतील. कोण बरोबर?

उत्तर: तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं ऐकायला आवडत नाही पण त्यात तथ्य आहे. अगदी याच प्रश्नावर अर्जेंटिनातल्या बारिलोचे गावी निकोलस, बूझात आणि कुपरमान या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो 2017 मध्ये छापून आला. एक अरुंद दार, खोलीत माणसं, त्यातल्या काहींना सांगितलं की तुम्ही स्वार्थीपणे वागा म्हणजे फट दिसली की घुसा, आणि बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही सभ्यपणे वागा. बाहेर पडलेला माणूस फिरून परत खोलीत येत होता त्यामुळे दारासमोरची गर्दी सतत तशीच राहिली. मग स्वार्थी माणसांचं प्रमाण वाढवत नेलं. निकाल असा की स्वार्थी माणसं वाढली तशी दारातून बाहेर पडणाऱ्यांची संख्याही वाढली! पण त्यांनी आणखी खोलात जाऊन बघितलं तर कळलं की वेग वाढला तो दारासमोर माणसं जास्त दाटून उभी राहिली म्हणून, दोघांमध्ये फट उरली नाही म्हणून. तेवढी घनता लक्षात घेतली की कोण सभ्य आणि कोण स्वार्थी याने फारसा फरक उरत नव्हता. आणखी एक छान गोष्ट त्यांना दिसली, दाराच्या अगदी तोंडाशी एक डावीकडून एक उजवीकडून अशी माणसं आपोआप आलटून पालटून जातात, चेनचे दात एकमेकांत बसतात तशी, आणि हे कुणी शिकवलेलं नसतं.

आता तुमची बाजू. वरच्या प्रयोगात खरी चेंगराचेंगरी होऊ देणार नव्हतेच, सुरक्षित मर्यादेतच सगळं चाललेलं. ढकलणं त्याच्यापुढे गेलं की चित्र उलटतं. 2000 साली हेल्बिंग, फार्कश आणि विचेक यांनी कॉम्प्युटरवर दाखवलं होतं की सगळेच जोर लावायला लागले की दारात खांद्याला खांदा अडकून माणसांची कमान तयार होते आणि कुणीच बाहेर पडत नाही, म्हणजे घाई वाढली की वेळ जास्त लागतो. पुढे स्पेनमधल्या नवारा विद्यापीठाच्या लोकांनी खऱ्या माणसांवर प्रयोग करून हे खरंच घडतं असं दाखवून दिलं. म्हणून चार-पाच जणी ढकलतात तोवर तुमची मैत्रीण बरोबर, वीस जणींनी ढकलायला सुरुवात केली की तुम्ही बरोबर. आणि तुम्हाला रोज जाणवत असेल की या दोन्हींच्या मधली रेघ फार बारीक आहे, एखादीची ओढणी अडकली की दुसऱ्या सेकंदाला आपण त्या रेघेच्या पलीकडे असतो.

पण लोकलचं दार आणि प्रयोगातलं दार यात एक मोठा फरक आहे, लोकलच्या दारातून एकाच वेळी उतरणारे आणि चढणारे असतात. तिथे खरा वेळ खातात ते हे दोन प्रवाह समोरासमोर आल्यावर. यावर मुंबईकरांनी स्वतःच जो तोडगा काढलाय तो मला फार मोलाचा वाटतो, डब्यात ठाणं गेल्यापासून 'दादर का? पुढे कोण, दादर?' अशी विचारणा सुरू होते आणि उतरणाऱ्यांचा क्रम गाडी थांबायच्या आधीच लागलेला असतो. ही सोय कुठल्या इंजिनियरने केलेली नाही, रोजच्या लोकांनी केलीय. प्लॅटफॉर्मवर उभं राहणाऱ्यांनी दाराचा मधला भाग उतरणाऱ्यांना सोडून दोन्ही कडांना थांबायचं एवढं जरी पाळलं तरी त्या चार-पाच जणींना कोपर मारावं लागणार नाही.

प्रश्न (ठाणे, कॉलेजविद्यार्थी): मी मोबाईल बघत चालतो पण आजवर कुणाला धडकलो नाहीये. तरी आई ओरडते. गर्दीत मोबाईल बघितल्याने खरंच काही होतं का?

उत्तर: तू धडकत नाहीस कारण समोरचे तुला चुकवतात. जपानमध्ये मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला, 2021 साली प्रसिद्ध झाला. 27 जणांचा एक गट इकडून आणि 27 जणांचा दुसरा गट तिकडून, समोरासमोर चालवले. एरवी असे दोन गट भेटले की आपोआप पट्टे पडतात, एक पट्टा जाणाऱ्यांचा एक येणाऱ्यांचा, कुणी कुणाला काही न बोलता. मग एका गटातल्या फक्त तिघांच्या हातात मोबाईल देऊन त्यावर साधी गणितं सोडवत चालायला सांगितलं. हे तिघे जेव्हा गटाच्या पुढच्या टोकाला होते तेव्हा पट्टे पडायला उशीर झाला, सगळा गट हळू झाला आणि ज्यांच्या हातात मोबाईल नव्हता तेही आयत्या वेळी मोठी पावलं टाकून बाजूला होत होते. कारण काय तर आपण चालताना समोरच्याचा अंदाज घेतो आणि समोरचाही आपला घेत असतो, हे दोन्ही बाजूंनी चालावं लागतं. एकाने ते सोडलं की दुसऱ्याला एकट्याने जमत नाही.

54 जणांमध्ये तिघं! मला वाटतं आईचं ऐक, निदान पुलावर आणि जिन्यावर तरी.

प्रश्न (पुणे): आम्ही दरवर्षी घरचे सहा-सात जण गणपती बघायला बाहेर पडतो, त्यात सासूबाई आणि दोन लहान मुलं. चुकामूक नको म्हणून सगळे हात धरून साखळी करून चालतो. मागच्या वर्षी एक गृहस्थ चिडले की तुमच्यामुळे रस्ता अडतोय. आमचं चुकतंय का?

उत्तर: तुमची काळजी अगदी बरोबर आहे आणि असं करणारे तुम्ही एकटे नाही. फ्रान्समध्ये मुसाईद यांच्या टीमने रस्त्यावरच्या माणसांची निरीक्षणं घेतली (2010) त्यात 70 टक्क्यांपर्यंत माणसं कुठल्या ना कुठल्या ग्रुपमध्ये चालताना आढळली. म्हणजे गर्दी सुट्या माणसांची असते हे गृहीतच चुकीचं आहे, गर्दी घरांची आणि मित्रमंडळींची असते. याच अभ्यासात दिसलं की रस्ता मोकळा असला की ग्रुप आडवा पसरून चालतो, जरा गर्दी झाली की मधला माणूस मागे राहतो आणि कडेचे पुढे, का तर बोलताना एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून. चालायला ही रचना वाईट आहे, समोरून येणाऱ्याला वाट मिळत नाही, पण माणसाला बोलायचं असतं ना.

तुमच्या साखळीचा त्रास होतो तो ती आडवी असते तेव्हा. लक्ष्मी रोडसारख्या ठिकाणी समोरासमोरच्या दोन प्रवाहांचे जे पट्टे पडतात ते आडव्या साखळीने तुटतात. शिवाय तिथे आणखी एक प्रकार चाललेला असतो, मधूनच कुणाला पलीकडचा देखावा बघायचा असतो, कुणाला भेळ खायची असते, आणि ते तिरके घुसतात. बासिक आणि सहकाऱ्यांचा 2025 चा अभ्यास सांगतो की लोकांच्या चालण्याच्या दिशेतला फरक साधारण 13 अंशांच्या पुढे गेला की हे पट्टे टिकत नाहीत, सगळी सरमिसळ होते आणि वेग पडतो. 13 अंश म्हणजे फारच थोडा तिरकेपणा आहे हो, घड्याळात तीन मिनिटांच्या खुणांमध्येसुद्धा 18 अंश असतात. म्हणून पलीकडे जायचं असेल तर आधी प्रवाहाबरोबर पुढे जावं आणि जिथे चौक मोकळा होतो तिथे ओलांडावं.

हात सोडू नका, साखळी उभी करा, एकामागे एक. सर्वात पुढे एखादा धडधाकट माणूस, मग एक मूल, मग सासूबाई, मग दुसरं मूल, शेवटी पुन्हा मोठा माणूस. वेग सासूबाईंचा ठेवायचा कारण पुढच्याने स्वतःच्या वेगाने ओढलं तर मधला माणूस पडतो. आणि निघतानाच ठरवा की चुकामूक झाली तर कुठल्या चौकात, कुठल्या दुकानासमोर भेटायचं, मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. हे आधी ठरलेलं असलं की गर्दी खूपच दाटली तर हात सोडायची हिंमत होते, आणि कधी कधी ते करावं लागतं, कारण खूप दाट गर्दीत हात धरून ठेवलेल्या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस आला तर तिघंही आडवे होतात.

प्रश्न (नागपूर): आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात बघा कशी रांग लावतात. मूळ प्रॉब्लेम हाच आहे असं तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही?

उत्तर: कारण मला ते पटत नाही. चट्टराज, सायफ्रीड आणि चक्रवर्ती यांनी भारतातल्या आणि जर्मनीतल्या लोकांना एकाच प्रकारच्या अरुंद मार्गात एकामागे एक चालायला लावलं होतं (2009). जर्मन लोकांना पुढच्यापासून जास्त अंतर लागतं, त्यामुळे गर्दी वाढली की त्यांचा वेग लवकर पडतो. आपली माणसं कमी अंतरात चालू शकतात आणि दाटी वाढली तरी त्यांचा वेग तितका पडत नाही. भारतीयांची ती विस्कळीत वाटणारी चाल जास्त परिणामकारक ठरली असंच त्यांनी लिहिलंय, आणि हे त्यांनाही अनपेक्षित होतं. दुसरी बाजू अशी की ज्या अंतराला आपण सरावलोय त्यामुळे धोक्याची जाणीव आपल्याला उशिरा होत असेल, हे माझं मत आहे, अभ्यासातलं नाही.

आणि शिस्तीच्या देशांचं म्हणाल तर सोलच्या इथेवॉन भागात 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री एका उतरत्या गल्लीत 159 माणसांचा चेंगरून जीव गेला. जर्मनीतल्या ड्युसबर्गला 2010 मध्ये लव्ह परेड या संगीत महोत्सवात 21 तरुण तसेच गेले. इंग्लंडमध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये 1989 च्या फुटबॉल मॅचला चेंगरून 97 जणांचा जीव गेला, त्यातले काही नंतर. गल्ली अरुंद आणि येणारे थांबत नाहीत अशी वेळ आली की पासपोर्ट कुठला आहे याने फरक पडत नाही.

प्रश्न (नाशिक, इंजिनियरिंगची विद्यार्थिनी): 2027 च्या सिंहस्थासाठी आमच्या कॉलेजमधून प्रोजेक्ट करायचंय. किती माणसं झाली की धोका समजायचा? आणि कॅमेरा-सेन्सर नसताना नुसतं बघून कळतं का? दुसरं म्हणजे लोकलमध्ये तर एका चौरस मीटरमध्ये 14-16 माणसं असतात म्हणतात, मग तिथे रोज अपघात का होत नाही?

उत्तर: फार चांगला विषय घेतलास. आधी आकडे. ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी जी ग्रीन गाइड वापरतात त्यात उभं राहून बघणाऱ्यांसाठी 10 चौरस मीटरला जास्तीत जास्त 47 माणसं धरतात, म्हणजे एका चौरस मीटरला पाचाच्या आत. जॉन फ्रुइन या अमेरिकन इंजिनियरने आयुष्यभर यावर काम केलं, त्याने लिहून ठेवलंय की सातच्या आसपास गेलं की माणसाच्या हातात काही राहत नाही, पाय उचलले जातात, कपडे फाटतात, धक्का एका बाजूला बसतो आणि तो गर्दीतून दूरवर जातो.

हा मुद्दा तुझ्या प्रोजेक्टचा कणा कर. चौरस मीटरला दोन-तीन माणसं असतात तोवर प्रत्येकाचा स्वभाव महत्त्वाचा असतो, कोण वाट देतो, कोण घुसतो, कोण थांबतो. चार-पाचच्या पुढे तो हळूहळू निकामी होतो, आणि सातला पोहोचलं की अगदी साधुपुरुषसुद्धा पुढच्याला ढकलतो कारण त्याला मागून ढकललं जातंय. स्वभाव संपतो आणि वजन उरतं. म्हणून जे काही करायचं, घोषणा, वळवणं, थांबवणं, ते माणसं अजून स्वतःच्या मर्जीने चालू शकतायत तेव्हाच करावं लागतं.

नुसतं बघून कळतं का? हो, बऱ्यापैकी. 12 जानेवारी 2006 ला हजच्या वेळी मीना इथे जमरात पुलाच्या तोंडाशी साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू चेंगरून गेले, त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग हेल्बिंग यांच्या टीमने तपासलं. आधी गर्दी सलग सरकत होती, मग थांब-चाल थांब-चाल अशा लाटा मागे जाताना दिसायला लागल्या, आणि त्यानंतर माणसं सगळ्या दिशांना फेकली जायला लागली. थांब-चाल हा टप्पा अपघाताच्या आधी आला होता, म्हणजे इशारा मिळाला होता. दुसरा पुरावा स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा, तिथे सान फेर्मीनच्या उत्सवाला छोट्याशा चौकात हजारो लोक जमतात. बार्तोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरून शूटिंग करून दाखवलं (2025) की चौरस मीटरला चार माणसांच्या पुढे गेलं की शेकडो माणसांचे पुंजके आपोआप गोल फिरल्यासारखे झुलायला लागतात, एका फेरीला साधारण 18 सेकंद, आणि बाहेरून कुणी ढकलत नसतं. तशीच हालचाल त्यांना लव्ह परेडच्या जुन्या फुटेजमध्येही सापडली. तेव्हा उंचावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला एवढंच शिकवायचं, डोकी पुढे जाण्याऐवजी झुलायला लागली की लगेच मागचा प्रवाह बंद करायला कळवायचं.

लोकलचं कोडं. 14-16 हा रेल्वेचा सुपर डेन्स क्रश लोडचा, म्हणजे खच्चून भरलेल्या डब्याचा आकडा आहे आणि तो डब्यातल्या उभं राहायच्या जागेवर काढलेला असतो. तिथे त्रास भयंकर होतो, लोक दारातून पडून मरतात हेही विसरू नकोस. पण डबा लहान आहे, मध्ये पार्टिशन, सीटा, खांब आहेत, आणि एकदा दार भरलं की बाहेरून नवीन माणूस येऊ शकत नाही. त्यामुळे जोर साठत जाऊन शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही. मोकळ्या रस्त्यावर मागे शेकडो माणसांची रांग असते, प्रत्येकाचा थोडा थोडा जोर पुढे मिळत जातो आणि पुढे भिंतीशी असलेल्याची छाती फुगायची बंद होते. बहुतेक माणसं पायाखाली येऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या श्वास अडकून जातात.

नाशिकचा 27 ऑगस्ट 2003 चा अपघात तुझ्या घरात बोलला जात असेल, रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यावर 39 भाविक गेले. बातम्यांत असं आलं होतं की मिरवणुकीतून नाणी उधळली गेली आणि ती उचलायला लोक वाकले. तुझ्या मॉडेलमध्ये 'वाकणारा माणूस' नक्की घाल. दाट गर्दीत वाकलेल्या माणसाची उंची आणि तोल दोन्ही जातात, आणि त्याच्या जागी जी पोकळी होते त्यात मागचे पडतात. 2015 च्या सिंहस्थात पायांचे ठसे मोजणारी चटई नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने केली होती, त्या धर्तीवर मोजणी करता आली तर बघ.

प्रश्न (परळ): एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर होतो. लोक घाबरून सैरावैरा पळाले म्हणून ते झालं असं अजून सगळे म्हणतात. अफवा पसरली वगैरे. मागच्यांनी जरा धीर धरला असता तर? हा विचार डोक्यातून जात नाही.

उत्तर: काका, तुम्ही जे बघितलंत ते सोबत घेऊन जगणं सोपं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

29 सप्टेंबर 2017, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, जोराचा पाऊस आला. पुलावरून उतरणारे लोक जिन्याच्या टोकाशी थांबले, छत्री नव्हती म्हणून थांबले, अगदी साधी गोष्ट, तुम्ही-मी कुणीही तेच केलं असतं. तेवढ्यात गाड्या येत राहिल्या, प्रत्येक गाडीतून माणसं पुलावर चढत राहिली. त्यांना पुढे काय झालंय ते दिसतच नव्हतं. पुढचे ओरडत असतील 'ढकलू नका', पण चाळीस माणसांच्या मागे ते ऐकू येत नाही, मागच्याला फक्त एवढंच जाणवतं की पुढे काहीतरी अडलंय आणि मला ऑफिसला उशीर होतोय. मग एक पाऊल पुढे. त्या एकेका पावलात कुणाचा दुष्टपणा नव्हता, भीतीही नव्हती. 23 माणसं गेली.

थोडा हिशोब बघा. ग्रीन गाइडमध्ये जिन्यासाठी एक मीटर रुंदीतून मिनिटाला 66 माणसं धरतात. तीन मीटरचा जिना असला तर मिनिटाला दोनशेच्या आत. एका गाडीतून हजार माणसं उतरून त्या जिन्याकडे वळली तर पाच मिनिटं लागणार, आणि दुसरी गाडी त्याआधीच येते. हा हिशोब माणसांच्या धीराने बदलत नाही, तो जिना रुंद करून किंवा माणसं पुलावर यायच्या आधी थांबवून बदलतो. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला, तो 2018 च्या फेब्रुवारीत खुला झाला. म्हणजे पूल होऊ शकत होता, तो आधी झाला नाही. माझा राग तिथे आहे.

घबराटीबद्दल म्हणाल तर जॉन ड्रुरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या टीमने 7 जुलै 2005 च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांचे अनुभव गोळा केले. अंधार, धूर, मदत कधी येणार माहीत नाही, आणि तरीही अनोळखी माणसं एकमेकांना पाणी देत होती, जखमा बांधत होती, बाहेर पडताना थांबून दुसऱ्याला पुढे जाऊ देत होती. फक्त स्वतःपुरतं बघणारे फार थोडे होते. हिल्सबरोच्या वेळी तर वर्षानुवर्षं प्रेक्षकांनाच दोषी धरलं गेलं, दारू पिऊन आले, घुसले. 2016 मध्ये चौकशीच्या ज्युरीने स्पष्ट सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता. 27 वर्षं त्या कुटुंबांना हे ऐकावं लागलं. आपल्याकडे तरी पुलावर गेलेल्या माणसांना आणि त्यांच्या मागे असलेल्यांना हे ऐकवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (कोल्हापूर): दाराच्या समोर मुद्दाम एक खांब उभा केला तर माणसं लवकर बाहेर पडतात असं वाचलं. आमच्या हॉलमध्ये करून बघू का?

उत्तर: नका करू. मेंढ्यांवरच्या प्रयोगात फायदा दिसला होता, पण माणसांवर केलेल्या प्रयोगात (2018) असा ठोस फायदा मिळाला नाही. हॉलची सगळी दारं कार्यक्रमाच्या वेळी कुलुपाविना आहेत ना आणि ती बाहेरच्या बाजूला उघडतात ना, ते आधी बघा.

प्रश्न (वसई): समजा अडकलोच दाट गर्दीत, तर एकट्या माणसाने काय करावं?

उत्तर: तुमचे हात अजून वर येतायत तोवर ते छातीसमोर घ्या, मुठी हनुवटीच्या खाली, कोपरं थोडी पुढे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पाठीवरची सॅक पुढे घ्या. लाट आली की तिच्या विरुद्ध जोर लावू नका, तिच्याबरोबर जा आणि ती ओसरली की तिरकं कडेच्या दिशेने सरका, पण भिंत, कठडा, बंद दार यांना टेकायला जाऊ नका, तिथेच जोर सगळ्यात जास्त असतो. काहीही पडलं तरी वाकायचं नाही, मोबाईल, चप्पल, पाकीट, जाऊ द्या. ओरडण्यात श्वास घालवू नका. शेजारी कुणी लहान मूल असेल तर ते डोक्यावर उचलून कडेला पास करता येतं, लोक करतात. पडलातच तर एका कुशीवर, गुडघे पोटाशी आणि हात डोक्यावर, पाठीवर किंवा पोटावर नको. आणि या सगळ्याच्या आधी, खांदे दोन्ही बाजूंनी लागायला लागले की उलट फिरून निघा, दर्शन असो नाहीतर मॅच, पुढच्या वेळी बघता येईल.

प्रश्न (सातारा जिल्हा, मंडळाचे कार्यकर्ते): आमच्या गावच्या जत्रेला आजूबाजूच्या गावांतून भरपूर लोक येतात. मांढरदेवीचं आठवून पोटात गोळा येतो. दर्शनबारी कशी लावावी?

उत्तर: दादा, मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 ला सुमारे 300 भाविकांचा जीव गेला त्यात नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या, अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंना दुकानं होती आणि मग आग लागली. तेव्हा पहिलं काम, नारळ फोडायची जागा वाटेपासून आणि पायऱ्यांपासून पूर्ण वेगळी आणि लांब, आणि वाटेत गॅस सिलेंडरचं दुकान एकही नको.

बारी अरुंद लावा. जर्मनीतल्या सायफ्रीड, सीबेन यांच्या गटाने प्रयोग केलेत, एकच दार, समोर कधी अरुंद कधी रुंद मार्ग. मार्ग अरुंद असला की माणसं आपणहून रांग धरतात, रुंद असला की दारासमोर घोळका करतात आणि दाटी वाढते, त्यात लवकर आत जायची ओढ जास्त असेल तर आणखीनच. तसंच त्यांनी व्हिडिओ बघून माणसांचे चार प्रकार केले, मागे राहणारे, नुसते चालणारे, थोडं ढकलणारे आणि जोरात ढकलणारे, आणि एकच माणूस जागा बदलली, वेळ बदलली की एका प्रकारातून दुसऱ्यात जातो. ढकलणारा हा जन्मतः ढकलणारा नसतो. त्याला पुढे फट दिसली, शेजारचा पुढे गेला, आपला नंबर जाईल असं वाटलं की तो ढकलतो. बारीत कुणालाच कुणाच्या पुढे जाता येत नाही असं दिसलं की त्याच माणसाचं वागणं शांत होतं. म्हणून मधूनच ओळखीच्या लोकांना घुसवू नका, व्हीआयपींना वेगळ्या वाटेने न्या आणि ती वाट बारीतून दिसू नये.

म्हाताऱ्यांची, गरोदर बायकांची, लहान मुलं असलेल्यांची बारी वेगळी करा, त्यांच्या वेगाने चालणारी. बारीत ठराविक अंतरावर बाहेर पडायला फट ठेवा, दम लागलेल्याला उलट जावं लागू नये. पाणी बारीतच द्या. अजून किती वेळ लागेल ते माईकवरून सांगत राहा, खरं सांगा, दोन तास असतील तर दोन तास सांगा.

बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा रुंद, आणि प्रसाद, फोटो, चपला यातलं काहीही बाहेरच्या दाराशी नको, ते पुढे मैदानात न्या कारण बाहेर पडणारा माणूस दारात थांबला की गाभाऱ्यापर्यंत सगळं थांबतं. गाभाऱ्याशी उभा असलेला कार्यकर्ता आणि एसटी स्टँडजवळ उभा असलेला कार्यकर्ता यांच्यात थेट वॉकीटॉकी हवी, त्या दिवशी मोबाईलला रेंज मिळेल यावर विसंबू नका. आत थांबलं की गावाच्या वेशीवर माणसं थांबवायची, मंदिराच्या पायऱ्यांवर नाही. आणि बारी थांबवायचा अधिकार एकाच माणसाला द्या, त्याला कुणाला विचारावं लागू नये, सरपंचांना नाही, ट्रस्टींना नाही, आलेल्या पाहुण्यांनाही नाही. जत्रेच्या आधी एकदा पोलिस पाटील आणि पोलिस ठाण्याच्या साहेबांना घेऊन ही सगळी वाट पायी चालून या, रात्रीच्या वेळी, लाईट गेलेली असताना.